पेशंटसोबत कोण आहे?

यवतमाळला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या साताऱ्याकडची माणसं आधी विचारतात, "काय काम काढलं होतं?" महाबळेश्वरला जाऊन आलेल्याला कुणी काम विचारत नाही. मलाही हा प्रश्न इतक्या वेळा आला की शेवटी म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. काम होतंच. पण कामासाठी गेलेल्या माणसाला डोळे, जीभ आणि पोट नसतं असं थोडंच आहे? जानेवारीतलं यवतमाळ तुम्ही पाहिलं नसेल, तर पहिल्यांदा मी तुमची कीव करते आणि मग पुढचं सांगते.

मी नर्स आहे. लग्नानंतर जर्मनीत गेले, तिथल्याच एका मध्यम गावातल्या हॉस्पिटलात रुजू झाले, आणि आता तिथं बाहेरच्या देशांतून येणाऱ्या नर्सांना रुळवायचं काम करते. म्हणजे त्यांना बँकेत न्यायचं, कोणता कचरा कोणत्या डब्यात ते सांगायचं, डॉक्टर आले की ताडकन उभं राहायची सवय मोडायची, आणि त्या रडल्या की चहा करायचा. केरळच्या मुली येतात, फिलिपिन्सच्या येतात, आणि अलीकडे आपल्या विदर्भातूनही येऊ लागल्यात. त्यातलीच एक ममता राठोड, मारेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरची.

तिकडचा नियम असा, की बाहेरून आलेल्या नर्सनं आधी काही महिने वॉर्डात मदतनीस म्हणून काम करायचं. त्यानंतर वॉर्डाच्या प्रमुखानं 'ही नर्स म्हणून उभी राहू शकते' असं लिहून दिलं की नोंदणी होते. नाही दिलं, तर मुदतवाढ किंवा परतीचं विमान. ममताची मुदत संपत आली होती आणि तिची वॉर्डप्रमुख गुड्रुन तिच्यावर नाराज होती. नुसती नाराज नाही, चांगलीच तापलेली.

झालं होतं असं. ममताच्या वॉर्डात अर्धांगवायूचे एक आजोबा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. रविवारी त्यांची मुलगी भेटायला आली. ममतानं मोठ्या प्रेमानं तिच्या हातात कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल दिला, बाजूचा पडदा ओढून दिला आणि म्हणाली, घ्या, वडिलांना पुसून घ्या. आपल्याकडे ज्यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं, त्याची तिकडे तक्रार झाली. कारण तिथं पेशंटला धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सचंच काम. आया नाही, वॉर्डबॉय नाही आणि नातेवाईक तर नाहीच नाही. गुड्रुनचं मत झालं की या मुलीला म्हाताऱ्या माणसांची घाण वाटते. तसं असेल तर हिला नर्स म्हणून मी सही देणार नाही, असं ती मला तोंडावर म्हणाली. मी तिला आपल्याकडची पद्धत समजावली. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि तिला ते पटलेलं नाही हे मला स्वच्छ दिसलं.

त्याच सुमारास हॉस्पिटलनं आम्हा दोघींना यवतमाळला पाठवायचं ठरवलं, तिथल्या एका नर्सिंग कॉलेजातल्या मुलींच्या मुलाखती घ्यायला. गुड्रुन म्हणाली, जातेच आहे तर ममताचं घरही बघेन, मगच काय ते लिहीन. ममताला हे सांगितलं तर तिचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन तिनं एकच गोष्ट मागितली. आपण इथं पेशंटचं अंग धुतो हे याडीला, म्हणजे तिच्या आईला, सांगायचं नाही. तांड्यावर तिच्या आईला सगळे 'सिस्टरची याडी' म्हणतात. पोरगी परदेशात जाऊन आयाचं काम करते हे कळलं तर ती मान वर करून चालणार नाही. मी शब्द दिला. गुड्रुनला मराठी येत नाही आणि दुभाषी मीच, तेव्हा शब्द पाळणं अवघड जाणार नाही असं मला वाटलं.

कळंब

नागपुरात उतरलो आणि गाडी ठरवली. ड्रायव्हर गजूभाऊ यवतमाळचेच. वर्धा ओलांडल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय आपण यवतमाळात शिरत नाही. विचारलं नाही, सांगितलं. हा मला वऱ्हाडी माणसाचा गुण वाटतो. आमच्याकडे तीनदा विचारून मग मनासारखं करतात, इथं सरळ मनासारखंच करतात.

आमच्याकडे देव म्हटला की डोंगरावर. पायऱ्या चढायच्या, धापा टाकायच्या, मग दर्शन. कळंबला उलटं. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं, आणि खाली गार अंधारात गणपती. गुड्रुन माझ्यापेक्षा हातभर उंच, साठीला टेकलेली, पांढरे केस पाठीपर्यंत मोकळे. ती वाकून उतरली, तिथल्या एका आजीच्या शेजारी बसली आणि बराच वेळ हललीच नाही. वर आल्यावर म्हणाली, इथं देवाकडे जाताना धाप लागत नाही, हे म्हाताऱ्यांच्या सोयीचं आहे. परत वर चढताना तिला लागलेली धाप मी पाहिली होती, पण ते मी बोलले नाही.

बाहेर टपरीवर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तेलकट रस्सा ओतायची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. गुड्रुनच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तिनं रुमालानं पुसलं आणि दुसरी प्लेट मागितली. गजूभाऊ तिच्याकडे पाहून खूश झाले. म्हणाले, "बाई आपली हाय." त्यानंतर आठवडाभर त्यांनी तिला पाहुणी म्हणून वागवलंच नाही.

यवतमाळ

कॉलेजातल्या मुली नेटक्या, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, जर्मनची पहिली पायरी शिकलेल्या. कुणी दारव्ह्याची, कुणी घाटंजीची, कुणी उमरखेडची. एकीनं मला 'मॅडम' म्हणून, तिकडे हवामान कसं आहे ते जर्मनमधून इतकं सफाईनं विचारलं, की मीच क्षणभर गडबडले.

गुड्रुननं प्रत्येकीला एक प्रश्न ठेवला होता. पेशंटला दोन दिवस अंघोळ नाही, तुम्ही काय कराल? पहिली मुलगी अजिबात न अडखळता म्हणाली, नातेवाईकाला समजावून सांगीन की स्वच्छता महत्त्वाची आहे. दुसरीनंही तेच सांगितलं. तिसरीनंही. गुड्रुनच्या कपाळावर आठी पडली. चौथीला तिनं मुद्दाम विचारलं, आणि नातेवाईक नसेल तर? मुलीनं मनापासून विचार केला. अशी परिस्थिती तिच्यापुढे कधी आलीच नव्हती हे दिसत होतं. शेवटी म्हणाली, "मंग त्यायले फोन करून बोलावून घेईन."

मी हसू दाबलं. गुड्रुन हसली नाही. संध्याकाळी ती म्हणाली की म्हणजे ही एकट्या ममताची गोष्ट नाही, इथं असंच शिकवतात. पण शिकवलेलं बदलता येतं, घाण वाटणं बदलता येत नाही, आणि ममताचं नक्की काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. तिचं हे बोलणं चूक नव्हतं. मला मात्र मनातून भीती वाटायला लागली होती, कारण ममताची बाजू मांडायला माझ्याकडे नवीन काही उरलं नव्हतं.

मारेगावच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी तांड्यावर निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या, आणि कापसाच्या गाड्या गेल्यामुळे बाभळींच्या काट्यांवरही कापूस अडकलेला. मध्ये सागाचं जंगल लागतं, पानं वाळून तांबडी झालेली. गुड्रुन खिडकीतून बघत होती आणि मला दर दोन मिनिटांनी शेतातलं काही ना काही विचारत होती. मला तूर आणि कापूस सोडून बाकीचं ओळखता येत नव्हतं. गजूभाऊंनी माझी लाज राखली.

ममताची आई शेवंताबाई तांड्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, गळ्यात चांदीची साखळी, आवाज खणखणीत. "आव, बेस," म्हणजे ये, बस, असं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, म्हणून त्यांनी गुड्रुनला हाताला धरून नेलं. माझ्याशी वऱ्हाडीत बोलल्या. ममताचे वडील कापूस घेऊन वणीला गेले होते. मुलीची वरिष्ठ घरी आली म्हणून अर्धा तांडा अंगणात जमला. एक बाई तर सोबत आपल्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली होती, सिस्टरची साहेबीन आलीच आहे तर विचारून घ्यावं म्हणून. गुड्रुनला तांड्यावर दहा मिनिटांत 'गुड्डीबाई' नाव पडलं.

जेवायला ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची वांगी घालून भाजी, ठेचा, आणि वर कच्चं तेल. तुरीचे ओले दाणे म्हणजे सोले. आमच्या साताऱ्यात तूर फक्त डाळ होऊन डब्यात येते, तिला असं हिरवं असताना खाण्यातली मजा आम्हाला कधी कळली नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या. गुड्रुननं किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, आणि शेवंताबाई मोजू देणाऱ्यांपैकी नव्हत्या.

जेवताना शेवंताबाईंनी मुलीचं विचारलं. बरी आहे ना, थंडी सोसते ना, मोठ्या दवाखान्यात आहे ना. मी सगळ्याला हो म्हटलं. मग विचारलं की तिकडे सिस्टर काय काय करते. मी सांगितलं, औषधं देते, तब्येतीवर लक्ष ठेवते. खोटं नव्हतं ते. गुड्रुननं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर कसं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आता जर्मन बाईचा एक दोष सांगते. तिला रिकामं बसवत नाही. जेवण झाल्यावर शेवंताबाई चहासाठी चूल पेटवायला उठल्या, तर ही त्यांच्या मागोमाग घरामागे गेली. तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जळणासाठी ढीग रचलेला. मी आणि शेवंताबाई दोघी एकदमच ओरडलो, पण तोवर तिनं ढिगात उजवा हात घातला होता. विंचू होता. लाल.

गुड्रुन ओरडली नाही. तिनं हात बाहेर काढला, बोटाकडे पाहिलं, आणि खाली बसली. काही मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला आणि उलटी झाली. कुणी कांदा लावा म्हणत होतं, कुणी मंत्र टाकणाऱ्याला बोलवा म्हणत होतं. शेवंताबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "माही पोरगी सिस्टर हाय, मले मालूम हाय काय करा लागते ते. गजूभाऊ, गाडी काढा."

दवाखाना

तालुक्याच्या गावातला छोटा, स्वच्छ दवाखाना. डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, आणि म्हणाले की लाल विंचू आहे, उद्यापर्यंत नजरेखाली ठेवावं लागेल. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. डाव्या हातात तिथल्या सिस्टरनं एका झटक्यात सलाईन लावलं. गुड्रुनच्या शिरा सापडत नाहीत. आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर दोन-तीनदा टोचतात आणि माफी मागतात. एवढ्या दुखण्यातही तिनं मान वळवून त्या मुलीचा हात पाहिला आणि मला म्हणाली की ही चांगली आहे.

मग त्या सिस्टरनं आमच्याकडे पाहून विचारलं, "पेशंटसोबत कोन हाय?"

गुड्रुननं मला विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, तुझ्यासोबत कोण आहे असं विचारते. गुड्रुनला काही कळेना. म्हणाली, ही आहे ना, नर्स. मग आणखी कोण कशाला? मी तोंड उघडायच्या आत शेवंताबाई पुढे झाल्या. "मी हाव ना." सिस्टरनं मान डोलावली, त्यांना पेशंटला काय खायला द्यायचं, काय नाही, घाम जास्त आला तर लगेच हाक मारायची, असं सगळं भराभर सांगितलं, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी 'अहो, मी पण नर्स आहे' म्हणणार होते, पण शेवंताबाईंनी खाटेखाली चटई अंथरली सुद्धा होती.

संध्याकाळी त्यांनी गुड्रुनला भात भरवला. तिचे दोन्ही हात निकामी, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. पहिल्या घासाला गुड्रुननं तोंड फिरवलं. शेवंताबाईंनी घास तसाच धरून ठेवला. शेवटी तिनं तोंड उघडलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीला तिची सून भरवत होती. त्यापलीकडच्या बाईचे पाय तिचा नवरा चेपत होता. सिस्टर फिरत होती, रक्तदाब मोजत होती, इंजेक्शन देत होती, सलाईनची बाटली बदलत होती. जर्मनीत जे डॉक्टरनं करावं ते ही मुलगी एकटी करत होती, आणि तिकडे जे नर्सनं करावं ते ही घरची माणसं. गुड्रुन पडल्या पडल्या सगळं बघत होती. मी तिला हेच तर कितीदा सांगितलं होतं. पण तिनं आता ते खाटेवरून पाहिलं.

सकाळी सूज उतरली नव्हती, पण घाम थांबला होता. शेवंताबाईंनी बादलीत गरम पाणी आणलं, मला म्हणाल्या, "ताई, ही चादर धरा पडद्यावानी." गुड्रुनला वाटलं मी थांबवेन. मी चादर धरली. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

शेवंताबाईंनी तिचं तोंड पुसलं, मान पुसली, केस सोडवले आणि घट्ट वेणी घातली. आणि गुड्रुन, जिनं जन्मभर दुसऱ्यांची अंगं धुतली, ती डोळे मिटून पडून राहिली. एकदा तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग शेवंताबाई पाठ धुवायला लागल्या तेव्हा मात्र तिच्यातली नर्स जागी झाली. तिनं मला सांगितलं, यांना म्हणावं, आधी खाली कोरडा टॉवेल घाला, मग माझा पलीकडचा खांदा धरून मला स्वतःकडे वळवा, म्हणजे तुमची कंबर जाणार नाही. मी सांगितलं. शेवंताबाईंनी तसं केलं आणि नवल करत हसल्या. "मलेच शिकवून राह्यली हे." मग हात थांबवून मला विचारलं, "काहो ताई, हे तर मोठी साहेबीन हाय. हिले आंग धुवाचं एवढं कसं मालूम?"

मी हातातली चादर उगाच नीट केली. गुड्रुननं विचारलं, काय विचारलं त्यांनी? मी सांगितलं. ती म्हणाली, मग सांग की. मी म्हटलं, नाही सांगता येत, मी ममताला शब्द दिलाय. गुड्रुननं कूस बदलून माझ्याकडे पाहिलं. कसला शब्द?

मग मी तिला सांगितलं. ममता हे काम करते ते आईपासून लपवते. इथं ते आयाचं नाहीतर घरच्यांचं काम. नर्सनं ते केलं तर नर्सची लाज, आणि घरच्यांच्या आधी परक्यानं केलं तर घरच्यांची. गुड्रुन म्हणाली, तिला घाण वाटते असं मी समजत होते. तिला लाज वाटते. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

शेवंताबाई आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर तुमची मुलगीच देईल. दुपारी तिच्या चहाच्या सुट्टीत फोन लावू.

दुपारी फोन लावला. ममता हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, मागं बर्फाची खिडकी. आधी तिनं गुड्रुनची चौकशी केली, वेणी बघून हसली. मग मी तिला सांगितलं की तुझ्या आईनं असं विचारलं आणि मी उत्तर दिलेलं नाही.  एरवी मायलेकी गोरबोलीत बोलतात, पण आम्ही बसलेल्या म्हणून ती वऱ्हाडीतच म्हणाली, "याडी, ते जे केलं ना तू गुड्डीबाईचं, मीबी तेच करून राह्यली इथं. रोज."

"कोनाचं?"

"म्हाताऱ्यायचं. बायायचं, मान्सायचं, सगळ्यायचं."

शेवंताबाईंचा चेहरा बदलला. "आमी तुले शिकवलं ते याच्यासाठी काय वं?"

ममता रडायला लागली. मग रडतच तिनं रेल्वेवाल्या आजोबांची गोष्ट सांगितली. भांडं कसं दिलं, टॉवेल कसा दिला, तक्रार कशी झाली, आणि आता सही मिळेल की नाही तेही माहीत नाही. मी हे सगळं गुड्रुनला शब्दन् शब्द सांगत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

शेवंताबाई ऐकत होत्या. "त्या बुढ्याची लेक कुठं राह्यते?" त्यांनी विचारलं.

"दूर. आयतवारी येते फक्त. घंटाभर."

"अन् त्या घंट्यात तू तिच्या हाती फडकं देल्लं?"

"मले वाटलं, लेक हाय, तिले बरं वाटन."

शेवंताबाईंनी फोन जरा जवळ धरला. आवाज खाली आला. "घंटाभर येते ते. तिले बापाजवळ बसू दे, बोलू दे. बाकी सारा हप्ता तू हायस ना? मंग तू धू."

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. मी इतकी वर्षं नव्या मुलींना तिकडचा नियम समजावते आहे. नियम म्हणून सांगते, कायदा म्हणून सांगते. तो नियम चांगला का आहे हे इतक्या थोड्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. गुड्रुननं फोनकडे पाहिलं. माफी वगैरे मागणाऱ्यांतली ती नाही. ती ममताला एवढंच म्हणाली की मी अजून काहीही ठरवलेलं नाही, आले की पहिल्या दिवशी आपण दोघी मिळून त्या आजोबांना अंघोळ घालू.

शेवंताबाई तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या. तांड्यावर आता काय सांगाल, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सांगीन न जी. माही पोरगी तिथं सारं करते, सुईबी अन् सेवाबी. कोनाले काय म्हनाचं ते म्हनू द्या." मान वरच होती.

परत

साताऱ्याला घरी गेले की लोक विचारतात, तिकडचं चांगलं की आपलं? मी दोन्हीकडच्या खाटा पाहिल्यात. आपल्याकडे ज्याला कुणी नाही त्याचे हाल होतात. तिकडे ज्याला सगळे आहेत तोसुद्धा संध्याकाळी भिंतीकडे बघत पडलेला असतो. जिथं जे कमी आहे ते बाहेरून येणाऱ्या मुलीनं सोबत आणावं, आणि तिथलं जे चांगलं आहे ते शिकावं, इतकंच मला कळतं. ते शिकवायचं माझं काम, आणि आता मी ते आधीपेक्षा बरं करते.

गुड्रुनचा हात पुढे महिनाभर मुंग्या आल्यासारखा व्हायचा. तरी परत आल्यावर पहिल्या दिवशी ती ममतासोबत त्या आजोबांच्या खाटेशी उभी राहिली. ममता त्यांना धूत असताना तिनं एकदाही हात मध्ये घातला नाही, फक्त पाहिलं. कागदावर काही लिहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी वॉर्डात होते. ममतानं सकाळीच आजोबांना धुवून, स्वच्छ सदरा घालून, उशीला टेकवून बसवलं होतं. मुलगी आली. ममतानं तिच्यासाठी खाटेजवळ खुर्ची ठेवली आणि दार ओढून बाहेर आली. काचेतून दिसत होतं, बाई वडिलांचा हात हातात घेऊन काहीतरी सांगत होती, आणि म्हातारा अर्ध्या तोंडानं हसत होता.

अर्ध्या तासानं ती बाई बाहेर आली. ममतासमोर जरा अवघडून उभी राहिली. म्हणाली, त्यांची दाढी वाढली आहे, लहानपणी मी त्यांना दाढी करताना बघत बसायचे, आज मी करू का? चालेल का तुमच्या नियमात?

ममताचा चेहरा पांढरा पडला. ज्या गोष्टीवरून तिचं सगळं अडलं होतं, तीच गोष्ट आता तिच्यापुढे उलटी येऊन उभी होती. तिनं वळून गुड्रुनकडे पाहिलं. गुड्रुन औषधांच्या गाडीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"माझ्याकडे काय बघतेस, सिस्टर?" गुड्रुन म्हणाली. "पेशंट तुझा आहे. तू ठरव."

वॉर्डात तिनं ममताला त्या दिवसापर्यंत कधी सिस्टर म्हटलं नव्हतं. ममतानं पाणी कोमट करून आणलं, वस्तरा बाईच्या हातात दिला, आणि तिच्याशेजारी उभी राहून तिला दाखवलं की गालाचा कोणता भाग बधिर आहे, तिथं हात हळू ठेवायचा.